लग्नाची चाल आणायला तांबरमला

ऐका, ऐका, ऐका! बॅग अजून दारातच पडलीये, आंघोळ नाही, आई आतून चहा चहा करून ओरडतीये, पण हे मी आत्ताच्या आत्ता लिहिलं नाही तर फुटेन. चेन्नईहून आज सकाळीच आले. आणि तिथं मला जे कळलंय ते आमच्या अख्ख्या चर्चमध्ये कोणाला माहीत नाही. एकट्या ताईला सोडून. पण ते शेवटी. क्रमानं सांगते, नाहीतर सगळी मजा जाईल.

तर आम्ही नगरचे. आमच्या चर्चमध्ये नवरी आत येते ती एकाच चालीवर. आईबाबांचं लग्न त्याच चालीवर लागलं, मावशीचं लागलं, सध्याच्या पाळकसाहेबांचंसुद्धा. ढोलकी, झांज, पेटी आणि उभं राहून सगळं चर्च, ‘ये प्रभूच्या मंदिरी तू, हात देई हाताला!’ दारातून निघालेली नवरी वेदीपाशी पोचते तेव्हा बरोब्बर तिसरं कडवं संपतं. कोणी कधी मोजलेलं नाही. पण पोचतेच. लंगडत आलेली एक नवरीसुद्धा पोचली होती.

ज्यांना चर्चच्या गाण्यांचं माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. आमच्यात शब्द वेगळे आणि चाल वेगळी. चालीला स्वतःचं नाव असतं, बऱ्याचदा एखाद्या गावाचं, आणि नावाखाली आकडे असतात, आठ-सात-आठ-सात असे. म्हणजे पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सात. आकडे जुळले की कुठलेही शब्द कुठल्याही चालीवर बसवा, कोणी अडवत नाही. हे लक्षात ठेवा. सगळा घोटाळा इथंच आहे.

आमच्या लग्नाच्या चालीचं नाव ‘तांबरम’. लहान असताना मला वाटायचं तांबरम हा बायबलमधला डोंगर असणार. ती चाल फार पूर्वी आमच्या एका पाळकांनी चेन्नईच्या कुठल्याशा शिबिरातून उतरवून आणली. एक कागद, त्यावर फक्त वरची सुरावट, खाली कोपऱ्यात ‘एस. ज्ञा.’ एवढंच. शब्द नव्हतेच. मग आमच्याच लोकांनी त्यावर आठ-सातचे मराठी शब्द लिहिले. लग्नाचे.

आता ताईचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. आणि यंदा गायकमंडळ माझ्याकडे आलंय, आयुष्यात पहिल्यांदा! ताई म्हणाली, “दरवेळी सगळे मिळून एकच सूर ओरडतात. मला चार आवाजांत हवंय. नीट, वरचा, मधला, खालचा, सगळं.” मी म्हटलं, “हो हो, त्यात काय एवढं!” आणि तीन रात्री बसून स्वतःच खालचे तीन आवाज लिहिले. शनिवारी सरावाला गायलो. ताई मागच्या बाकावर बसून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “कृपे, शाळेची घंटा बिघडल्यासारखं वाटतंय. जमत नसेल तर सांग, मी बाहेरचा कीबोर्डवाला बोलावते.”

बाहेरचा कीबोर्डवाला! सख्ख्या बहिणीच्या लग्नात! मी तिथंच ठरवलं की ज्यानं चाल केली त्याच्याचकडून चार आवाज आणायचे. फोनवर एक ग्रुप आहे, चर्चच्या गायकांचा, तिथं विचारलं हे एस. ज्ञा. कोण. तासाभरात उत्तर आलं, “मास्टर ज्ञानप्रकाशम. तांबरमलाच राहतात. फोन उचलत नाहीत. घरी जा.”

मला तर चक्करच आली. जिवंत माणूस! मला वाटायचं भक्तिगीतांच्या चाली करणारे सगळे दाढीवाले, इंग्लंडातले आणि कधीचे मेलेले.

शोळिंगनल्लूर, पहिला दिवस

चेन्नईत माझी शाळेतली मैत्रीण प्राची राहते, शोळिंगनल्लूरला, जिथं बघावं तिथं काचेच्या इमारती आणि गळ्यात ओळखपत्र लटकवलेली माणसं. मी पोचले आणि प्राची म्हणाली, “सॉरी, मला एक मिनिट सुट्टी नाहीये, पण वर टीचर आहेत, त्या तुला घेऊन जातील.”

टीचर म्हणजे तिच्या घरमालकीण, सरोजा टीचर. गणित शिकवून रिटायर झालेल्या. कुंकू, गजरा, पायात स्पोर्ट्स शूज. मी हिंदी-इंग्रजीची जुळवाजुळव करत होते तेवढ्यात त्या म्हणाल्या, “कां गे, उभी कां अहेस? बैस की. जेवलीस काय?”

मराठी! पण कसली मराठी! जुन्या पोथीतली बाई उठून बोलायला लागल्यासारखी, आणि सूर सगळा तमिळ, वाक्याचं शेपूट वर. टीचर तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज राजाबरोबर खाली आले आणि परत गेलेच नाहीत. “तुम्ही लोक मराठी फार वेगानं बोलतां,” त्या मला म्हणाल्या. “घाई कसली अहे? शब्द कोठे पळून जातात?”

जेवायला डांगर पच्चडी होती, म्हणजे आपलं डांगर दह्यात कालवलेलं पण वरून मोहरी-मिरचीची फोडणी, आणि वांग्याचं एक आंबट प्रकरण, रसवांगी. मी तीनदा भात घेतला. नगरला मी पोळीशिवाय जेवत नाही. आईनं वाचू नये.

मी टीचरना चालीचा कागद दाखवला. त्यांना सूर कळत नाहीत, पण नावाखालचे आकडे बघून बाई एकदम खुश. “आठ, सात, आठ, सात! हें तर गणित अहे! आणि शब्द कसेही घालायचे? म्हणजे डबा एक, भाजी दुसरी?”

“हो!”

“मग कोणी चुकीची भाजी घातली तर?”

मी खूप हसले. तेव्हा.

तांबरम, दुसरा दिवस

बसनं मेडवाक्कमवरून तांबरम. बसमध्ये मी चुकून बायकांच्या नाही, भलत्याच बाजूला बसले आणि कंडक्टर माझ्याशी बराच वेळ तमिळमध्ये बोलला. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. टीचर मागून म्हणाल्या, “तूं आतां त्याला सांगितलेंस की तूं उतरणार अहेस.” उतरलो. पुढची बस घेतली.

मास्टरांचं घर रेल्वे लाइनच्या मागच्या गल्लीत. दारात रांगोळी नाही, पण रांगोळीच्या जागी कुंडीत तुळस होती, मला गंमत वाटली. दार उघडलं त्यांच्या मुलीनं, शांती अक्का. आत पांढऱ्या लुंगीत, बनियनवर, पायपेटीसमोर बसून एक अगदी काटकुळे आजोबा इडली खात होते. पेटीच्या झाकणावर ताटली. हेच मास्टर!

मी पाया पडायला गेले तर म्हणाले, “सांबार सांडेल.”

मग दोन तास! दोन तास ते बोलत होते, अर्धं तमिळ, अर्धं रेल्वेच्या घोषणेसारखं इंग्रजी, आणि टीचर आपल्या पोथीच्या मराठीत मला सांगत होत्या. मास्टर गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. राहायला तांबरमला. म्हणजे शहराच्या खालच्या टोकाकडून वरच्या टोकाला, रोज दोन गाड्या, जाऊन येऊन पाचएक तास. सुरांची लिपी शिकवली ती शेजारच्या एअर फोर्सच्या बँडमधल्या एका ट्रम्पेटवाल्यानं, गच्चीवर, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर कपड्यांचे चिमटे लावून! पाच दोऱ्या होत्या ना. चिमटा वर लावला की वरचा सूर. मास्टरांची आई दोऱ्या रिकाम्या करायची आणि सगळी सुरावट बादलीत.

आणि चाली सगळ्या गाडीत केल्या. जी चाल ज्या स्टेशनाजवळ सुचली तिला त्या स्टेशनाचं नाव. मिंजूर, पोन्नेरी, एन्नूर, दोन बिस्किटांचे डबे भरून! आणि गाडीतच चार आवाज बसवायचे, कारण चार माणसं रोज एकाच डब्यात. कारखान्यातल्या दोन टायपिस्ट बायका वरच्या दोन आवाजांना, तिसरा मास्टर स्वतः, आणि सगळ्यांत खालचा आवाज दुरैराज नावाचा फिटर.

“दोघींपैकी एकीशी लग्न केलें,” टीचरनी सांगितलं.

“कोणत्या? वरच्या आवाजाच्या?”

मास्टरांनी बोट हलवलं. “दुसरीशी. वरचा आवाज सगळ्या डब्याला ऐकू येतो. दुसरा फक्त शेजारी बसणाऱ्याला.”

स्वयंपाकघरातून शांती अक्का ओरडली, “आई कोइम्बतूरला भावाकडे गेलीये म्हणून बोलतायत, असती तर बोलले असते का विचारा!”

आणि हे ऐका. दुरैराजचा कारखाना एन्नूरला. तो एन्नूरला उतरायचा. त्यामुळे एन्नूरच्या पुढं केलेल्या चालींमध्ये खालचा आवाज नुसता एका सुरावर उभा राहतो, कारण माणूसच नाही गायला! चेन्नईतल्या खालच्या आवाजाच्या लोकांना ‘पोन्नेरी’ फार आवडते म्हणे. एकदा सूर धरला की झोपलं तरी चालतं.

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. आणि त्याच भरात म्हटलं, “मास्टर, आता आमची ऐका! तुमची ‘तांबरम’! आमच्याकडे आम्ही कशी गातो!” आणि टीपॉयवर ढोलकीचा ठेका धरून दिलं ठोकून. ये प्रभूच्या मंदिरी तू! धा धिं! हात देई हाताला! मान हलवत, खांदे उडवत, दोन कडवी.

तिसऱ्याला कळलं की कोणीच हलत नाहीये. शांती अक्का दारात पळी घेऊन उभी. पळीतून सांबार जमिनीवर ठिबकतंय. मास्टरांचा हात पेटीवर तसाच.

मास्टर हळू आवाजात टीचरना काहीतरी बोलले. टीचरनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला, परत घातला.

“कृपा, हें माती देण्याचें अहे म्हणून सांगतात.”

“काय?”

“मढें पुरायला नेतात, तेव्हां म्हणायचें. चर्चपासून कबरीपर्यंत.”

मी टीपॉयवरचे हात उचलून मांडीखाली घातले. खरंच घातले.

मग कळलं सगळं. दुरैराज गेला, अचानक, चाळिशीतच, आणि त्याला न्यायच्या दिवशी मास्टरांनी ही चाल केली. खांद्यावर शवपेटी घेतलेल्या सहा माणसांची पावलं जुळावीत म्हणून. तमिळ शब्दही त्यांचेच, टीचरनी सांगितले तसे, ‘उतर दादा, तुझं ठाणं आलं.’ नाव तांबरम, कारण तेव्हा त्यांची गाडी तांबरमला संपायची आणि सगळे उतरायचे. आमच्या पाळकांनी नुसती चाल उतरवून नेली. शब्द राहिले इकडेच. आणि म्हणून नवरी बरोब्बर पोचते! ती चाल मोजून चालणाऱ्या माणसांसाठीच केलेली आहे, फक्त वेगळ्या माणसांसाठी!

“तुमच्याकडे किती लग्नं लागली यावर?” मास्टरांनी विचारलं.

“सगळी,” मी म्हटलं. “आईबाबांच्याही आधीपासून.”

“टिकली?”

“एक सोडून सगळी. आणि त्या एकानं हट्टानं दुसरी चाल घेतली होती.”

आधी मास्टरांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत. मग असे हसले, असे हसले की शांती अक्का पाणी घेऊन धावली. टीचरही हसल्या, मीही, आणि आम्ही चौघं त्या खोलीत वेड्यासारखे. मास्टर डोळे पुसत म्हणत होते, “दुरैराज, ऐकलंस का! तुझ्यावर ढोलकी!”

हीच वेळ साधून मी मुद्द्याचं विचारलं. ताई, लग्न, चार आवाज. मास्टर उठले, डब्यातून मूळ कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

तीन ओळी भरलेल्या. चौथी कोरी. पाच रेघा आणि त्यात काही नाही.

“खालचा आवाज लिहिलाच नाही,” ते म्हणाले. “गाणार कोण होतं?”

“मग आता लिहा ना. प्लीज.”

हसू गेलं एकदम. “नाही. मी कागदासाठी लिहीत नाही. माणसासाठी लिहितो. तो माणूस नाही.” आणि झाकण लावलं पेटीला.

गुम्मिडिपूंडीची गाडी, तिसरा दिवस

परतीच्या बसमध्ये मी जाम तोंड पाडून बसले होते. तीन आवाज मिळाले होते, फोटो काढून घेतला होता, पण ताईला काय तीन सांगू? आणि चाल मढ्याची आहे हे कोणत्या तोंडानं सांगू? बाहेरचा कीबोर्डवाला डोळ्यांसमोर दात काढून हसायला लागला.

टीचर म्हणाल्या, “माझा जन्म ह्या शहरांत गेला आणि मी गुम्मिडिपूंडी पाहिली नाही. उद्यां जावूं. स्टेशनें बघूं. नाहीं तरी तूं घरीं बसून रडणार.”

सकाळी तांबरमला गेलो गाडी पकडायला, आणि प्लॅटफॉर्मवर कोण? मास्टर! पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, इस्त्रीचा शर्ट, छत्री. मागे शांती अक्का कमरेवर हात ठेवून. टीचरनी रात्री तिच्याकडे फोन केला होता, मला एका शब्दानं न सांगता. अक्का मला म्हणाली, “रिटायर झाल्यापासून गाडीत पाय ठेवला नाही. आणि काल झोपलेच नाहीत, ढोलकी, ढोलकी करत होते. आता तूच सांभाळ. पाणी देत राहा, आणि दारात उभं राहू देऊ नको.”

दारातच उभे राहिले. सगळा वेळ!

पार्क स्टेशनला उतरून रस्ता ओलांडून दुसऱ्या स्टेशनातून वरची गाडी घ्यायची. मास्टर छत्रीनं गर्दी बाजूला करत पुढं, आम्ही मागं पळत. गाडी सुटली आणि खरंच, प्रत्येक स्टेशनाला ते आपली चाल गुणगुणायचे, गाडी हलली की बंद. मी प्रत्येकीचं रेकॉर्डिंग केलं. एका चालीत मध्येच अर्धी मात्रा जास्त आहे, का, तर तिथं रूळ बदलताना गाडी उडायची! आता उडत नाही, नवे रूळ आहेत, पण चालीत ती उडी तशीच. चेन्नईतले लोक ती कित्येक वर्षं प्रामाणिकपणे गातायत.

एक बाई सुंडल विकत होती, उकडलेले चणे, खोबरं, कैरीचे तुकडे. आपल्या चण्यांवर कांदा असतो, इथं खोबरं, आणि इथलेच भारी आहेत, मारा मला. टीचरनी तीन पुड्या घेतल्या आणि मास्टरांना म्हणाल्या, “तुम्ही गा, मी अक्षरें मोजतें.” आणि खरंच बोटांवर मोजत बसल्या. एका चालीत त्यांनी चूक काढली, सातच्या जागी आठ. मास्टरांनी दोनदा गाऊन बघितलं आणि म्हणाले, “अय्यो.”

मग एन्नूर आलं. उंच धुराडी, खाडीचं सपाट पाणी, त्यात एका पायावर उभे बगळे, खारा वास. मास्टरांनी इथली चाल गुणगुणलीच नाही. कोणी उतरलं, कोणी चढलं. गाडी हलली, आणि ते दारातून मागं बघत राहिले, प्लॅटफॉर्म दिसेनासा होईपर्यंत. मी रेकॉर्डिंग बंद केलं. मी! म्हणजे समजून घ्या.

बऱ्याच वेळानं, भातशेतं लागल्यावर, त्यांनी वळून मला विचारलं, “तुमच्याकडे खालचा आवाज कोण?”

“याकोब मामा. माझा सख्खा मामा.”

“काय करतो?”

“गॅरेज आहे त्याचं. ट्रॅक्टर दुरुस्त करतो.”

“कसा गातो?”

खोटं कसं बोलू? “मोठ्यानं,” मी म्हटलं.

गुम्मिडिपूंडीला उतरलो. प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून मास्टर म्हणाले, “लाव फोन. चेहरा दिसला पाहिजे.” मी व्हिडिओ कॉल लावला. मामा गॅरेजमध्ये, हाताला ग्रीस, मागं कुठलंतरी इंजिन धडधडतंय.

“अगं कृपे, हे कोण म्हातारबाबा?”

“मामा, नीट बोल! ‘तांबरम’ची चाल यांनी केलीये!”

मामानं ताबडतोब टोपी काढली. “आयला! नमस्कार नमस्कार! सर, आमचं लग्न तुमच्याच चालीवर! काय चाल काढलीये हो, मेलेला माणूस उठून नाचंल!”

टीचरनी पदर तोंडात कोंबला. मी मास्टरांकडे बघितलंच नाही. टीचरनी भाषांतर केलं का? केलं! शब्दन् शब्द! मास्टरांनी छत्रीच्या मुठीवर कपाळ टेकलं आणि थोडा वेळ तसेच बसले. पाठ हलत होती नुसती.

मग सुरू झालं काम. मामाला गायला सांगितलं. मामा गायला. बाकावरचे दोन प्रवासी उठून पलीकडे गेले. मास्टर म्हणाले, “सांग त्याला, गाऊ नको. रोज कामात कोणाला हाक मारतो, तशी मार.”

मामाला काही कळेना. तेवढ्यात मागं खरंच कोणीतरी ट्रॅक्टर आत घेत होतं, आणि मामा फोन हातात तसाच धरून वळून ओरडला, “येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बाऽऽस!”

मास्टर ताठ झाले. “परत!”

“मामा, परत म्हण!”

“अगं आला की ट्रॅक्टर आत!”

“मग बाहेर काढ आणि परत आण!”

काढला! चार वेळा ट्रॅक्टर आतबाहेर केला माझ्या मामानं, आणि इकडे मास्टर सुंडलच्या पुडीचा कागद उलगडून त्यावर पेन्सिलीनं लिहितायत. तीन सूर. मामाकडे मोजून तीनच खरे सूर आहेत म्हणाले, पण ते तीन खांबासारखे. “याला खाली ओढायचं नाही, वर चढवायचं नाही. इथं श्वास संपतो, इथं त्याला गप्प ठेवायचं. दुरैराजकडे चार होते, पण तो चौथा मी उगाच मागायचो त्याच्याकडे.”

मी म्हटलं, “मास्टर, तुम्ही तर म्हणालात लिहिणार नाही.”

ते कागदावरून मान वर न काढता म्हणाले, “त्याचं लिहीत नाहीये. हे तुझ्या मामाचं आहे.”

मग आम्ही तिघांनी तिथंच गाऊन बघितलं. मास्टरांनी तिसरा आवाज, मी वरचा, फोनमधून मामा, आणि दुसऱ्या आवाजाला कोणीच नाही म्हणून टीचर बोटांवर अक्षरं मोजत नुसत्याच बोलल्या. भयंकर झालं असणार. पण एका ठिकाणी, दुसऱ्या ओळीच्या शेवटी, मामाचा तो ‘येऊ दे’चा सूर खालून आला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा! काटा म्हणजे दंडावर दिसत होता, टीचरना दाखवला. मास्टरांनी पुडीच्या कागदाला हात लावला आणि कोपऱ्यात लिहिलं, एस. ज्ञा., आणि शेजारी, मी स्पेलिंग सांगितलं, याकोब मामाचं नाव.

परत शोळिंगनल्लूर, आणि ताई

आता राहिलं होतं ताईला सांगायचं. सूर मिळाले, पण लग्न तिचं आहे, आणि ती कशावर चालत येणार हे तिला माहीत नको? प्राची म्हणाली, “सांगू नको, लग्नानंतर सांग.” टीचर म्हणाल्या, “माहिती लपवून गणित सोडवायचें नाहीं.” काल दुपारी टीचरच्या गच्चीत उभी राहून लावला फोन. एका दमात सगळं सांगितलं. दुरैराज, सहा माणसं, शवपेटी, कोरी ओळ, सगळं.

मी फोन कानावरून काढून बघितला, लागलाय का.

“ताई?”

“हळू चालायचं असतं का त्यावर?” ताई म्हणाली.

“हो. आपल्या अर्ध्या वेगानं. मास्टरांनी म्हणून दाखवलं.”

“कसं लागतं?”

मी गायले. एक कडवं, ढोलकीशिवाय, त्यांच्या वेगानं. शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालायची थांबली.

ताईला नाक ओढताना ऐकलं मी. मग म्हणाली, “पहिलं कडवं असंच घ्यायचं. चार आवाजांत, ढोलकी नाही. तेवढा वेळ मी दारातच उभी राहीन. मामा त्याचं ‘येऊ दे’ म्हणेल तेव्हा निघेन. पुढं आपलं नेहमीचं, जोरात.”

“म्हणजे कीबोर्डवाला नको?”

“कोण कीबोर्डवाला?” ताई म्हणाली. कसली आहे बघा! “आणि कृपे, आईबाबांना सांगायचं नाही हां. मामाला तर अजिबात नाही. या चालीवर लग्न झालेल्या कोणालाच नाही.”

मी शब्द दिला. आणि सांगितलं नाहीये कोणाला, लिहिलंय फक्त. सॉरी ताई. पण हे पोटात ठेवून मी सराव कसा घेणार? उद्या मामा त्याचे तीन सूर घेऊन समोर उभा राहणार, छाती फुगवून, आणि मी गंभीर तोंड ठेवायचं?

तर आता तुम्ही सांगा. खरं सांगा. तुमच्या घरात, देवळात, चर्चमध्ये, लग्नाला नाहीतर बारशाला वर्षानुवर्षं हौसेनं गायलेलं एखादं गाणं मुळात भलत्याच प्रसंगाचं निघालंय का कधी? आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत, सोडलंत की गातच राहिलात?